सावळगडाचा शिलेदार

१२ जानेवारी २०२४

मंडणगडातला वेल्डिंग रॉडवाला दरवर्षी दुकानाची डायरी देतो. आमची पोर राही ती हातातून पळवायची. यंदा डायरी माझ्याकडेच राहिली. अकरा दिवस कोरी पडून होती. आज पहिल्या पानावर नाव घातलं. आत्माराम पांचाळ, लोहारकाम व वेल्डिंग, मु. वेरवण.

पुढे काय लिहायचं ते कळेना, म्हणून भात्याला नवीन पट्टा लावला तेवढं लिहितो.

१५ जानेवारी

बायको, दर्शना, आजही पेजच जेवली. राही गेली त्या दिवसापासून तिने भाकरी थापलेली नाही. घरात पिठाचा डबा नाही. मला सोसायटीच्या दुकानातून पाव आणून देते, स्वतः पेज पिते. ओढ्यावरच्या साकवाच्या पुलावरूनही जात नाही. बाजाराला जायचं तर डांबरी रस्त्याने वळसा घालते, पाऊण तास जास्त चालते.

तिचं म्हणणं एकच. "मीच पाठवली दळणाला. पाऊस बघून पण पाठवली."

मी समजावतो. म्हणतो, देवाने नेली, तुझा काय दोष. रोज समजावतो. तिच्या मनातून ते जात नाही.

२२ जानेवारी

लिहूनच टाकतो. ही डायरी कोण वाचणार आहे.

पऱ्यावरचा साकव गावाने श्रमदानाने बांधला, तेव्हा कठडा मी दिला होता. गेल्या वर्षी मे महिन्यात. जनरेटर एक दिवसासाठी मिळाला होता. उजवीकडचं काम पुरं झालं. डावीकडच्या पाच खांबांना वेल्डिंगचे नुसते टाके मारले आणि जनरेटर परत न्यायला माणूस आला. म्हटलं, दोन दिवसांनी येऊन वेल्डिंग पुरं फिरवू. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती. मी टाक्यांवर रेड ऑक्साइड मारला, वर हिरवा रंग मारला. रंगाखाली काही दिसत नाही. मग कोयत्यांची कामं आली, मग पाऊस आला, आणि मी विसरलो.

विसरलो नव्हतो. आठवण यायची, तेव्हा उद्या बघू म्हणायचो.

एकोणीस जुलैला राही दळणाची पिशवी घेऊन परत येत होती. पाणी साकवाला लागलं होतं. तिने डाव्या कठड्याला धरलं असणार. पलीकडून गावकर बाबल्यादादांच्या सुनेने पाहिलं. ती म्हणाली, कठड्यासकट गेली. लोकांना वाटलं, पुराने कठडा नेला. मी काही बोललो नाही. तेराव्यानंतर मी जनरेटर आणून दोन्ही बाजू पक्क्या केल्या. तेव्हा गाव म्हणालं, बापाचं काळीज बघा.

१ फेब्रुवारी

चिपळूणचे गौरव मोरे आले होते. वय तिशीचं, बोलणं गोड. त्यांचं मंडळ आमच्या डोंगरावरच्या सावळगडाला नवा दरवाजा बसवतंय. सागवानाची दारं झाली आहेत, लोखंडकाम राहिलंय. दाराच्या वरच्या भागाचे टोकदार सुळे, बिजागऱ्या, कड्या, अडसर. सगळं भट्टीतलं हवं, बाजारातलं नको.

मी म्हटलं, "माझ्याच्याने आता मोठं काम होत नाही."

ते ओट्यावर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "काका, तुमचं दुःख कळलंय मला. हे काम धर्माचं आहे. या कामाला हात लावला की हातून जे काही झालं असेल ते धुऊन निघतं. मी स्वतः बघितलंय."

त्यांना काही माहीत असायचं कारण नाही. सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. पण मी हो म्हटलं.

९ फेब्रुवारी

एकशे ऐंशी सुळे करायचे आहेत. आज चौदा झाले. दुपारी घण मारताना लक्षात आलं की तासभर मला काही आठवलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

दर्शनाने आज विचारलं, "अवो, कठडा कसा काय गेला? खालचं काँक्रीट तर जाग्यावर होतं."

म्हटलं, "पाणी फार होतं."

"मग उजवीकडचा कसा राहिला?"

म्हटलं, "पाण्याचं काय सांगता येतं?"

ती पेजेची वाटी घेऊन उठली. मग म्हणाली, "मी अर्धा तास थांबायला हवं होतं, पाऊस उघडला होता." पुन्हा तेच. मी म्हटलं, अशी स्वतःला खाऊ नको. तिची तब्येत फार उतरली आहे. गडाचं काम झालं की तिला बुरोंडीला भावाकडे चार दिवस पाठवावं.

१० मार्च

आज गडावर शपथ झाली. आम्ही एकवीस जण, बहुतेक पंचविशीच्या आतले, मी त्रेपन्नचा. भगवा फेटा बांधला. गौरवसरांनी प्रत्येकाच्या खांद्यावर तलवार टेकवली आणि म्हणाले, आजपासून तुम्ही गडाचे शिलेदार. मागचं सगळं इथे संपलं.

उतरताना गुडघे दुखत होते, पण छाती हलकी वाटत होती. घरी आलो तर दर्शना आमसुलं वाळत घालत होती. फेटा बघून म्हणाली, "बरा दिसतोय." मी तिला म्हटलं, राहीच्या नावाने करतोय हे. ती आमसुलं पालथी करत राहिली.

२ एप्रिल

दरवाजा बसला. चाळीस माणसांनी वर चढवला. बिजागरीत दार बसलं तेव्हा एवढासुद्धा आवाज आला नाही. सुतार लांज्याचा होता, त्याने माझा हात हातात घेऊन बघितला. असं काम माझ्या हातून पूर्वी झालेलं नाही. एकही जोड अर्धा ठेवला नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक जोड ठोकून बघत होतो.

उद्घाटन सहा मेला.

१६ एप्रिल

गौरवसर घरी आले. म्हणाले, दरवाजाच्या आत पन्नास पावलांवर पीर आहे. उद्घाटनाच्या आधी ती जागा मोकळी करायची.

पीर मी लहानपणापासून बघतोय. चार दगडांचा चौथरा, हिरवी चादर. पायथ्याच्या वाडीतले हसनमियां दर गुरुवारी वर जाऊन दिवा लावतात. आमच्याकडच्या बायकाही मूल होत नाही म्हणून तिथे लाकडी पाळणे बांधतात. माझी आई बांधून आली होती म्हणतात.

म्हटलं, "सर, ते जुनं आहे. कोणाला त्रास नाही त्याचा."

"काका, शपथ अर्धी घेत नाहीत. पहारी लागतील. सहा द्या."

अर्धी हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मला तो लागला. दिवसभर भट्टीशी बसून राहिलो.

१९ एप्रिल

पहारी केल्या. सहाच्या सहा.

४ मे

उद्या जायचं आहे. मला दरवाजावर उभं राहायचं काम दिलंय. खालून कोणी आलं तर आत सोडायचं नाही. पहार हातात धरायची नाही, म्हणजे बरंच झालं.

दर्शनाने विचारलं, "उद्या काय आहे गडावर?" म्हटलं, साफसफाई.

५ मे, संध्याकाळ

आलो तसा लिहायला बसलो.

सकाळी नऊला दरवाजा लावला. अडसर मी टाकला. आतमध्ये वीस पोरं आणि गौरवसर. हसनमियां तिथे आधीच बसले होते. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. चौथऱ्यावरच बसले होते, पांढरा सदरा, काठी आडवी मांडीवर. सर म्हणाले, चाचा, उठा. ते म्हणाले, "मी बाहत्तर वर्षाचा हाय. मला उठायला वेळ लागतो. तुम्ही संध्याकाळी या." पोरं हसली.

मग दरवाजावर थापा पडल्या. खालच्या वाडीतली माणसं आली होती, आणि आमची कुणब्यांची आनंदीबाईपण. सत्तरीची म्हातारी, डोंगर चढून आली होती. फटीतून तिने मला बघितलं.

"आत्माराम, उघड रे! माझ्या नातवाचा पाळणा हाय आत."

म्हटलं, "आजी, मला उघडता येत नाय."

"का? कुलूप घातलंस?"

कुलूप नव्हतं. नुसता अडसर होता, एका हाताने सरकणारा. मीच तसा केला होता.

मागून पहारींचा आवाज येऊ लागला. दगडावर लोखंड. मग हसनमियां ओरडले. मी वळून बघितलं नाही. दाराकडे तोंड करून उभा राहिलो. ते परत ओरडले, या खेपेला शब्द नव्हते, नुसता आवाज. बाहेर आनंदीबाई दारावर डोकं आपटत होती. किती वेळ गेला? पाच मिनिटं असतील. दहा असतील. मी खोटं लिहिणार नाही, मी उभा होतो. शपथ आठवत होतो.

मग अडसर काढला.

सगळे आत धावले. हसनमियां चौथऱ्याखाली पडले होते, एक पाय भलतीकडे वळलेला. ओमकार नावाचा पोरगा पहार टाकून मागे सरत होता. म्हणत होता, मी नुसतं बाजूला केलं, मी नुसतं बाजूला केलं. फेटा सोडून मी झोळी केली. वाडीतले तिघे आणि मी, अशा चौघांनी म्हाताऱ्याला खाली आणलं. वाटेत कोणी माझ्याशी बोललं नाही. खांद्याला खांदा लागत होता तरी नाही.

६ मे

उद्घाटन झालं नाही. पोलीस गडावर आहेत.

दुपारी गौरवसर आले. छापलेला कागद होता. खाली वीस सह्या झाल्या होत्या, एकविसावी जागा माझी. वाचला. सदर इसम चौथऱ्यावरून उतरत असताना पाय घसरून पडला.

पाय घसरून पडला. राहीच्या पंचनाम्यातही असंच होतं, साकवावरून जात असताना पाय घसरून पाण्यात पडून. तेव्हा हवालदाराने वाचून दाखवलं होतं, आणि बाप म्हणून मी सही केली होती.

म्हटलं, "सर, तो घसरला नाही."

"काका, ओमकार बावीस वर्षांचा आहे. त्याच्या आईला कोण बघणार? आणि दरवाजावर तुम्ही होतात. तुम्हीही यात आहात."

"आहे."

"मग करा सही."

"मी आहे, म्हणूनच नाही करत."

ते उठले. गोड बोलणं गेलं होतं. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही शिलेदार केलं. खरं आहे. मला राग आला नाही.

७ मे

पोलीस स्टेशनला जाऊन जबाब दिला. कोण होतं, पहारी कोणी केल्या, दरवाजा कोणी धरला. साहेबांनी दोनदा विचारलं, पहारी कशासाठी हव्यात ते माहीत होतं का? म्हटलं, माहीत होतं. त्यांनी लिहून घेतलं. माझ्यावरही गुन्हा आहे. बोलावतील तेव्हा यायला सांगितलंय.

१० मे

आज दापोलीला दवाखान्यात गेलो. हसनमियांच्या खुब्यात सळी घातली आहे. त्यांची मुलगी बाहेर बाकावर होती, तिने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

मी पायाशी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या हातून चूक झाली. माफी मागायला आलो."

ते छताकडे बघत म्हणाले, "मेस्त्री, तुमची मुलगी गेली ना पाण्यात?"

"व्हय."

"तुमची बायको यायची माझ्याकडे. माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं.

"दर गुरुवारी. डांबरी रस्त्याने वाडीत यायची, पिराला तेल द्यायची, मी वर नेऊन लावायचो. रडायची. म्हणायची, चाचा, मीच मारली पोरगी, दळणाला पाठवली. मी काय सांगणार? मी म्हणायचो, दुवा कर." ते थांबले, त्यांना दम लागला. "माफी माझ्याकडे मागताय ती ठीक हाय. पाय बरा झाला की बघू. पण त्या बाईला कोणीतरी सांगा की तिने काय केलेलं नाय."

म्हटलं, "मी रोज सांगतो."

"सांगता, मग तिला पटत का नाय?"

त्यांची मुलगी आत आली, म्हणाली, आता निघा.

एसटीत सीटवर बसलो आणि मंडणगड येईपर्यंत तेच डोक्यात होतं. पटत का नाही. तिला पटेल असं एकच वाक्य आहे आणि ते फक्त माझ्याकडे आहे. ते मी दहा महिने माझ्याजवळ ठेवलं. मला वाटायचं, मी तिचं दुःख हलकं करतोय. आता दिसतंय की तिने सगळा दोष स्वतःवर घेतला होता म्हणून मला झोप लागत होती.

११ मे

सांगायला बसलो. शेजारची मंडळी आली. राहिलं.

१२ मे

सांगायचं आहे.

१३ मे

सांगितलं. सकाळी, ती आंगण सारवून हात धूत होती तेव्हा.

सगळं सांगितलं. टाके, जनरेटर, हिरवा रंग. नंतर पक्कं केलं तेही. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. झाल्यावर तिने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"पोरीला वर काढली तेव्हा?"

"व्हय."

"आणि मी तिच्या पायाशी डोकं आपटत होते, मी मारली, मी मारली म्हणून. तुम्ही माझ्या शेजारी होतात. तुम्ही मला धरलं होतंत."

"व्हय."

तिने तांब्या कट्ट्यावर ठेवला. अगदी हळू ठेवला. म्हणाली, "कठडा तुमच्याकडून राहिला. माणसाच्या हातून राहतं. पण नंतरचे दहा महिने तुमच्याकडून राहिले नाहीत. ते तुम्ही रोज केलेत."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "आता तुम्ही गप्प बसा. तुम्हाला येतं ते."

दुपारी बुरोंडीहून तिचा भाऊ बाबू रिक्षा घेऊन आला. तिने दोन पातळं आणि राहीचा फोटो घेतला. जाताना ती रिक्षातून उतरली, मला वाटलं काही राहिलं. ती साकवापर्यंत चालत गेली, त्यावरून पलीकडे गेली आणि पलीकडे रिक्षाची वाट बघत उभी राहिली. रिक्षा वळसा घालून येईपर्यंत उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही.

३० मे

गावात कोणी काम देत नाही. काही जण म्हणतात धर्म बुडवला, काही म्हणतात पीर फोडला. दोघांचंही काही चूक नाही. कठड्याबद्दल कोणालाच माहीत नाही. तिने बुरोंडीतही सांगितलं नसावं, कारण बाबू फोनवर मला भाऊजीच म्हणतो.

फोन केला तर तो म्हणतो, ताई बरी आहे, कामात आहे. तिला बोलाव म्हटलं की म्हणतो, बघतो. मग फोन ठेवतो.

२१ जून

चौथरा वाडीतल्या लोकांनी परत रचला. मी मदतीला गेलो होतो. त्यांनी नको म्हटलं. मी परत आलो.

१७ जुलै

बाबूचा फोन. ताई परवा येईल, राहीचं वर्षश्राद्ध आहे म्हणून. एक दिवसासाठी. गावकीची बैठक बोलावून ठेवा म्हणालीय.

म्हटलं, "गावकी कशाला?"

"मला काय माहीत, भाऊजी. तुम्हाला कळेल म्हणाली."

कळलं.

१९ जुलै

पाऊस सकाळपासून आहे. दर्शना दहाच्या गाडीने आली. बारीक झाली नाही, तोंडावर थोडं तेज आहे. घरात आली, पदर खोचला, राहीच्या आवडीचं सगळं तिने एकटीने केलं. मी नारळ खोवून दिला. तिने घेतला. एवढंच.

तीन वाजता देवळात गावकी जमली. बाबल्यादादा मधे, गावकर म्हणून. पुरुष पुढे, बायका खांबाच्या मागे. सगळ्यांना वाटलं गडाचं काहीतरी असेल, म्हणून गर्दी होती. मी उभा राहिलो. म्हटलं, "साकवाचा डावा कठडा पुराने गेला नव्हता. मी त्याला नुसते टाके मारले होते आणि वर रंग दिला होता. राही त्याच्यामुळे गेली. मला त्याच दिवशी माहीत होतं. बायकोवर आळ राहिला, तो मी राहू दिला."

वाटलं होतं, कोणी शिवी देईल, उठून मारेल. कोणी हललं नाही. पत्र्यावर पाऊस एवढा होता की मागच्यांनी विचारलं, काय म्हणाला? मला परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

बाबल्यादादा डोळे पुसत होते. म्हणाले, "आत्माराम, झालं ते झालं. तुझीच पोर होती. तू काय कमी भोगलंस? हे आता इथंच राहू दे. कोणी बाहेर बोलायचं नाय. काय रे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला खरंच वाटलं, सुटलो. खोटं का लिहू, तेवढ्यात बरं वाटलंसुद्धा.

तेव्हा खांबाच्या मागून दर्शना पुढे आली. गावकीत बाई बोलत नाही आमच्याकडे. ती बाबल्यादादांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पावसातही सगळ्यांना ऐकू गेला.

"लिहून घ्या."

"काय गो?"

"तो बोलला ते गावकीच्या वहीत लिहून घ्या. तारीख घाला. सही घ्या त्याची. आणि खाली लिहा, दर्शनाचा दोष नव्हता."

बाबल्यादादा माझ्याकडे बघू लागले. म्हणाले, "लेखी झालं की पोलिसांपर्यंत जाईल, पोरी. आधीच एक केस हाय त्याच्यावर."

"जाऊ दे," ती म्हणाली.

वही आली. बाबल्यादादांना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी ती माझ्याकडेच दिली. मी लिहिलं. तिने सांगितलेलं शेवटचं वाक्यही मीच लिहिलं. तिने वही हातात घेऊन पहिल्या अक्षरापासून वाचली, बोट ठेवून, सावकाश. गाव थांबलं होतं. मग वही परत दिली.

"सही राहिली," ती म्हणाली.

मी सही केली. ती पाचच्या गाडीने बुरोंडीला गेली.